शस्त्रांची मोजदाद

लखनौ शहर १८५८ च्या मार्च महिन्यांत पुन्हां इंग्रजांच्या हातीं पडलें, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष अयोध्या प्रांतांत एक विलक्षण काम चालू राहिलें. तालुकदारांच्या मातीच्या गढ्या पाडावयाच्या, त्यांच्या भोंवतालचीं दाट रानें तोडावयाचीं, आणि खेड्याखेड्यांतून हत्यारें गोळा करून त्यांची यादी करावयाची, असें तें काम होतें. यादीचे आकडे पुढें सरकारी अहवालांत छापले गेले. पंधराशेंहून अधिक गढ्या जमीनदोस्त झाल्या. पावणेदोन लाखांहून अधिक बंदुका आणि साडेपांच लाखांहून अधिक तरवारी जमा झाल्या. भाले, कट्यारी आणि किरकोळ हत्यारें यांची गणती निराळीच. याच प्रांताची शिरगणती १८६९ सालीं झाली तेव्हां लोकसंख्या १ कोटि १२ लाखांच्या घरांत भरली. म्हणजे तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सर्व जीव धरले तरी दर साठ माणसांमागें एक बंदूक आणि दर वीस माणसांमागें एक तरवार सरकारच्या दारांत येऊन पडली होती.

आकडे भव्य आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्यांत एक गोम आहे. आणून टाकलेलें शस्त्र मोजतां येतें. जमिनींत पुरलेलें, विहिरींत टाकलेलें, धान्याच्या कणगींत दडवलेलें शस्त्र मोजतां येत नाहीं. शंभर बंदुका जमा झाल्या म्हणजे गांवांत शंभरच होत्या कीं हजार होत्या, हें त्या ढिगाकडे पाहून कोणास सांगतां येणार? अधिकारी जितका कडक तितका ढीग मोठा. आणि ढिगावरून प्रांताची सशस्त्रता ठरवूं गेल्यास, ज्या तालुक्यांत कोणी फिरकलेंच नाहीं तो तालुका कागदावर सर्वांत निःशस्त्र ठरेल! हिंदुस्थानांतील शस्त्रांविषयीं पुढें जे जे आकडे प्रसिद्ध झाले, त्या प्रत्येकाला ही अडचण थोड्याफार फरकानें चिकटलेली आहे. आंकडा शस्त्रांचा म्हणून सांगितला जातो, पण त्यांत प्रत्यक्षांत मोजलेलें असतें तें सरकारी कचेरीचें काम.

कायद्यांची मालिका याच धामधुमींत सुरू झाली. शस्त्रांची आयात, घडण व विक्री यांवर नियंत्रण घालणारा अठ्ठाविसावा कायदा १८५७ सालचा. त्यानंतर आला १८६० सालचा एकतिसावा कायदा. दोन्ही बंडाच्या धक्क्यांतून जन्मलेले, म्हणून त्यांचा कडकपणा समजण्यासारखा होता. परंतु बंड शमून वीस वर्षें लोटल्यावर, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, १८७८ सालीं जो अकरावा कायदा झाला त्यानें निःशस्त्रता हा तात्पुरता उपाय न ठेवतां राज्यकारभाराचा कायमचा नियम केला. त्याच वर्षीं देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाहि झाला होता. वृत्तपत्रांचा तो कायदा लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं रद्द केला; शस्त्रांच्या कायद्याला मात्र कोणी हात लावला नाहीं.

या कायद्याची शस्त्राची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तरवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं पातीं, इतकेंच नव्हे तर धनुष्यबाणसुद्धां त्यांत घातलेले होते. परवान्यावांचून हत्यारबंद हिंडणें हा गुन्हा; परवान्यावांचून बंदूक जवळ ठेवणें हाहि गुन्हा. साधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि लपवाछपवी केल्यास सात वर्षांपर्यंत. या कायद्याखालच्या नियमांत सूट मिळालेल्यांची यादी होती. युरोपियन, अँग्लोइंडियन, आर्मेनियन आणि अमेरिकन यांना परवाना लागत नसे. पेशवाईंत पिढ्यान्पिढ्या हत्यार बाळगलेल्या अनेक घराण्यांतील वंशजांस कलेक्टरच्या कचेरींत अर्ज घेऊन उभें राहावें लागे, आणि कालपरवां बोटींतून उतरलेल्या गोऱ्या कारकुनास त्याची गरज नसे. जनतेला शस्त्र गमावल्याचें दुःख होतेंच. पण हा पंक्तिप्रपंच अधिक झोंबला. वंशावरून सूट देण्याची ही पद्धत नियमांतून निघावयास १९१९-२० साल उजाडावें लागलें.

सूट मिळालेल्यांत एक एतद्देशीय समाज मात्र ठळकपणें उठून दिसतो, तो म्हणजे कुर्गचा कोडव समाज. या लोकांची राजनिष्ठा व शौर्य यांचा गौरव करून मार्क कबन यांनीं १८६१ सालीं त्यांना निःशस्त्रीकरणाच्या कायद्यांतून वगळलें. ती सवलत आश्चर्यकारक रीतीनें टिकली. राज्य बदललें, कायदा बदलला, तरी केंद्र सरकारनें २०१९ सालीं ती आणखी दहा वर्षें वाढवून दिली, आणि तिला दिलेलें आव्हान कर्नाटकच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं फेटाळलें. त्या डोंगरी मुलखांत मुलगा जन्मास आला म्हणजे बंदुकीचा एक बार काढण्याची आणि मृत्यु झाला म्हणजे दोन बार काढण्याची चाल आहे. सप्टेंबरांत शस्त्रांची पूजाहि होते. गणतीच्या दृष्टीनें पाहिलें तर या बंदुका मोठ्या चमत्कारिक ठरतात. त्या कायदेशीर आहेत, पण परवान्याच्या नाहींत. ज्या तक्त्यांत ‘परवान्याच्या’ आणि ‘चोरट्या’ असे दोनच रकाने असतील, त्यांत त्या कोठें मांडावयाच्या?

महाराष्ट्रांत या कायद्याची कसोटी लगेच लागली. कायदा झाला १८७८ सालीं, आणि १८७९ च्या प्रारंभीं वासुदेव बळवंत फडके यांचे लोक पुण्याच्या आसपासच्या मुलखांत दरोडे घालून पैसा व शस्त्रें जमवीत होते. त्या वर्षाच्या जुलैंत विजापूर जिल्ह्यांत ते पकडले गेले, आणि एडनच्या तुरुंगांत १८८३ सालीं त्यांचा अंत झाला. फडके पकडले गेल्यानंतर तीस वर्षांनीं, २१ डिसेंबर १९०९ रोजीं, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या खेळास आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनीं पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांची हकीकत पुढें खटल्यांत निघाली. त्या वीस पिस्तुलांपैकीं एकाचीहि नोंद कोणत्या परवान्याच्या वहींत असणें शक्यच नव्हतें. एकतीस वर्षें राबविलेल्या कायद्यानें शेतकऱ्याच्या घरांतील ठासणीची बंदूक काढून नेली, आणि समुद्रापलीकडून येणारें पिस्तूल त्याच्या जाळ्यांतून सुटून गेलें.

शस्त्रकायद्याविषयींच्या वादांत आकड्यांचा खरा खेळ मात्र पिस्तुलांवरून न होतां वाघांवरून आणि सापांवरून झाला. हा भाग आज बहुतेक विस्मृतींत गेला आहे. १८७० नंतरच्या दशकांपासून हिंदुस्थान सरकार दर वर्षीं एक तक्ता प्रसिद्ध करी. हिंस्र श्वापदांनीं किती माणसें मारलीं, सर्पदंशानें किती मेलीं, किती गुरें गेलीं, किती श्वापदें व साप मारण्यांत आले आणि त्यांपायीं बक्षिसाचे किती रुपये वांटले, असे त्याचे रकाने असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तक्त्यांत श्वापदांच्या नांवावर दर सालीं दोन-तीन हजार माणसें आणि सर्पदंशाच्या नांवावर वीस हजारांच्या आसपास माणसें दिसतात. कायद्याच्या विरोधकांना यांत आयतें हत्यार सांपडलें. रयतेच्या हातची बंदूक सरकारनें काढून घेतली, म्हणून रानांतलें जनावर उभ्या पिकांत व उघड्या अंगणांत शिरतें, हा युक्तिवाद समजावयास सोपा होता आणि पुष्कळ अंशीं खराहि होता. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या कुणब्याला रानडुकरापुढें काठी घेऊन उभें राहावें लागे, हें त्याच्या जिल्ह्यांतील गोऱ्या साहेबालाहि ठाऊक होतें. कारण तो साहेब स्वतः तेथें शिकारीस जात असे.

पण तक्ता जरा बारकाईनें पाहिला पाहिजे. दोन रकान्यांची बेरीज करून बावीस-तेवीस हजार मृत्यु शस्त्रकायद्याच्या माथीं मारण्याचा मोह कोणासहि व्हावा असा आहे. परंतु त्यांतले दहांत नऊ मृत्यु सापांचे, आणि रात्रीं अंधारांत पायाखालीं आलेल्या फुरशावर बंदुकीचा काय उपयोग? उरले दोन-तीन हजार. त्यांपैकीं किती माणसें बंदूक असती तर वांचलीं असतीं, हें सांगावयाचें तर बंदुका असलेला आणि नसलेला असे दोन सारखे जिल्हे घ्यावे लागतील: रान सारखें, वस्ती सारखी, गुरांची संख्या सारखी. असे जुळे जिल्हे सृष्टींत नसतात. जेथें रान दाट तेथें परवानेहि अधिक मागितले जात आणि वाघहि अधिक असत. तेव्हां नुसते आकडे शेजारीं ठेवले तर बंदुका वाढल्यानें वाघांचे बळी वाढतात असा उफराटा निष्कर्षहि निघूं शकेल. अशा तऱ्हेचे निष्कर्ष आजहि बंदुकांच्या वादांत दोन्ही पक्ष तितक्याच आत्मविश्वासानें काढतात, आणि ऐकणारे मान डोलावतात.

त्यांतून हे मृत्यु मोजले तरी कसे जात? गांवच्या पाटलानें किंवा चौकीदारानें सांगावें, पोलिसांनीं लिहावें, जिल्ह्यानें बेरीज करावी. विषप्रयोगाचा खून ‘पान लागलें’ म्हणून खपविला जातो असा संशय कित्येक अधिकाऱ्यांना होता. म्हणजे आकडा फुगलेला असावा. उलट दुर्गम पाड्यावर मेलेल्या माणसाची वर्दी कोण देणार? म्हणजे आकडा आटलेलाहि असावा. या दुसऱ्या शंकेचें वजन किती आहे तें फार उशिरां कळलें. मृत्यूंच्या कारणांची घरोघर जाऊन केलेली मोठी पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत २००५ सालच्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा अंदाज ४५,९०० निघाला, आणि तो सरकारी इस्पितळांच्या आकड्याच्या तीसपटींहून अधिक होता. स्वातंत्र्यानंतरच्या, दवाखान्यांनीं व दप्तरांनीं सज्ज अशा काळांत ही स्थिति. मग १८८० सालच्या चौकीदाराच्या तोंडच्या वर्दीवर कितीसा भार टाकावयाचा?

राजकीय मागणी मात्र आकड्यांची वाट पाहत थांबली नाहीं. राष्ट्रसभेनें १८८७ सालीं मद्रासेस, बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखालीं, शस्त्रकायद्याच्या जाचाविरुद्ध ठराव केला आणि पुढें तो विषय वारंवार घेतला. खेडा जिल्ह्यांत १९१८ सालीं सैन्यभरतीचें पत्रक काढतांना गांधींनीं, अहिंसेचे उपासक असूनहि, सबंध राष्ट्राचें शस्त्र हिरावणाऱ्या कायद्याची गणना ब्रिटिश अमलाच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. व्हाइसरॉयपुढें १९३० च्या जानेवारींत त्यांनीं ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखालीं द्यावे ही एक होती. कराचीच्या १९३१ सालच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत तर नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्टच नमूद झाला.

आणि मग स्वराज्य आलें. घटना समितींत १९४८ च्या डिसेंबरच्या प्रारंभीं मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनीं कराचीचाच तो हक्क घटनेंत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. परक्या सरकारनें शस्त्र नाकारलें होतें म्हणून ती मागणी जन्मली. आतां परिस्थिति पालटली आहे, आणि सरसकट सर्वांना असा हक्क देणें राज्याला परवडेल काय याविषयीं त्यांना दाट शंका होती. दुरुस्ती नामंजूर झाली, आणि शस्त्रांचा विषय केंद्राच्या सूचींत गेला. सभागृहांत बसलेल्या कित्येकांनीं सतरा वर्षांपूर्वीं तो ठराव डोक्यावर घेतला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या एका दिवसाचें महत्त्व कळतें. फाळणीच्या कत्तलींना तेव्हां जेमतेम सव्वा वर्ष होत होतें, आणि गांधींवर पिस्तूल झाडलें गेल्याला वर्षहि झालें नव्हतें.

जुना १८७८ चा कायदा यानंतरहि बरींच वर्षें चालला. त्याच्या जागीं १९५९ सालचा कायदा आला आणि तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. तरवारी-भाल्यांसारख्या धारेच्या हत्यारांना परवाना हवाच असा सरसकट नियम राहिला नाहीं. सरकार जाहीर करील त्या प्रदेशापुरताच तो उरला. बंदुकीला परवाना कायम राहिला. मात्र पिकाच्या रक्षणासाठीं खरोखरच हवी असेल तर ठासणीची बंदूक द्यावी, अशी तरतूद शेतकऱ्यासाठीं झाली. एका माणसानें किती बंदुका बाळगाव्या यावर १९८३ सालीं तीनची मर्यादा आली, ती २०१९ सालीं दोनवर आणली गेली.

आतां अलीकडचे आकडे. गृहखात्याच्या माहितीप्रमाणें ३१ डिसेंबर २०१६ रोजीं सबंध देशांत ३३,६९,४४४ परवाने चालू होते. त्यांपैकीं एकट्या उत्तर प्रदेशांत १२,७७,९१४, जम्मू-काश्मिरांत ३,६९,१९१ आणि महाराष्ट्रांत अवघे ८४,०५०. २०११ च्या शिरगणतीशीं मेळ घातला तर उत्तर प्रदेशांत सुमारें १५६ माणसांमागें एक परवाना, महाराष्ट्रांत सुमारें १,३४० माणसांमागें एक, आणि जम्मू-काश्मिरांत ३४ माणसांमागें एक! शेवटचा आकडा पाहून तेथील माणूस फार शस्त्रप्रेमी असला पाहिजे असा तर्क कोणी केला तर तो वेडा ठरूं नये. परंतु २०१२ ते २०१६ या अवधींत त्या राज्यांत पावणेतीन लाखांहून अधिक परवाने पात्रता नसलेल्या लोकांना दिले गेले, असा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप आहे. तो खरा धरला तर हा आकडा तेथील घरांतल्या बंदुकांविषयीं फारसें कांहीं सांगत नाहीं. सांगतो तें परवाने देणाऱ्या मेजांविषयीं.

याच्या शेजारीं जिनीव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेचा २०१८ सालचा अंदाज ठेवावा. भारतांत नागरिकांपाशीं ७ कोटि ११ लाख बंदुका आहेत, आणि त्यांतल्या केवळ ९७ लाख नोंदलेल्या, असें ती संस्था म्हणते. म्हणजे सातांत सहा बंदुका नोंदीबाहेरच्या! संख्येनें पाहतां अमेरिकेच्या खालोखाल भारत, ही बातमी या अंदाजावरूनच जगभर झाली. आतां साधें अंकगणित करून पहावें. चालू परवाने ३३ लाख ६९ हजार. प्रत्येक परवान्यावर कायद्यानें तेव्हां अधिकांत अधिक तीन बंदुका. गुणाकार सुमारें १ कोटि १ लाख. ९७ लाख नोंदलेल्या बंदुका खऱ्या असतील तर जवळजवळ प्रत्येक परवानेवाल्यानें तीनहि बंदुका घेतलेल्या असल्या पाहिजेत. गरीब शेतकऱ्यापासून बँकेच्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनीं? कुर्गसारख्या सवलतीच्या बंदुका मिळविल्या तरी हें गणित ओढाताणीचेंच राहतें. दोन्ही आकडे एकाच वेळीं बरोबर असणें कठीण. तरीहि ते वृत्तपत्रांत स्वतंत्रपणें फिरत राहतात.

नोंदीबाहेरच्या सहा कोटि चौदा लाख बंदुकांचा प्रश्न तर याहून बिकट. याच संस्थेचा २००७ सालचा भारताविषयींचा एकूण अंदाज ४ कोटि ६० लाख होता. मग अकरा वर्षांत अडीच कोटि बंदुका नव्यानें आल्या कीं काय? जगाच्या आकड्यांतहि अशीच वाढ दिसली, आणि त्या वाढीचा कांहीं भाग खऱ्या बंदुकांचा तर कांहीं भाग नव्या माहितीचा व नव्या अदमासाचा, असें संस्थेनें प्रामाणिकपणें नमूद केलें. पण अहवालाची टीप वाचतो कोण? मथळा वाचला जातो. गावठी कट्टा लोहाराच्या किंवा लेथवाल्याच्या हातून निघतो. त्याची पावती नसते. तो पोलिसांच्या हातीं लागला म्हणजे प्रथमच सरकारी जगांत जन्म घेतो. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर धरपकडीची मोहीम निघाली कीं जप्त शस्त्रांचा आकडा चढतो, आणि तेथें अयोध्येच्या १८५८ सालच्या ढिगाचीच आठवण होते. एक गोष्ट मात्र राष्ट्रीय गुन्हेनोंदींत वर्षानुवर्षें स्थिर दिसते: बंदुकीनें झालेल्या खुनांपैकीं बहुसंख्य खून बिनपरवान्याच्या शस्त्रांनीं होतात. प्रेत आणि गोळी या दोन्ही वस्तु प्रत्यक्ष हातीं येत असल्यामुळें हा आकडा इतरांपेक्षां पुष्कळ विश्वसनीय मानावयास हरकत नाहीं.

नियमांचा सारा भार मात्र स्वाभाविकपणें नोंदलेल्या बंदुकीवर पडतो. परवाना कोणत्या प्रदेशापुरता तें त्यावर लिहिलेलें असतें; २०१६ च्या नियमांप्रमाणें बंदूक लोकांत मिरवावयाची नाहीं; आणि लग्नाच्या वरातींत हौसेनें बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैदेची किंवा लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा ठरविली आहे. निवडणूक लागली म्हणजे परवान्याचीं हत्यारें पोलिस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम सुटतात. कोणाचें घ्यावें व कोणाचें ठेवावें हें छाननी समितीनें ठरवावयाचें असतें. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुका २०१९ सालीं ऑक्टोबरांत आणि २०२४ सालीं नोव्हेंबरांत झाल्या. कोंकणांत भात पिकून कापणीस येण्याचे तेच दिवस, आणि रानडुकरांचे कळप शेतांत उतरण्याचेहि तेच. ज्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक त्या दिवसांत ठाण्यांत जमा झाली, त्यानें रात्रीं बांधावर बसून पत्र्याचा डबा वाजवावयाचा. परवान्यांच्या तक्त्यांत त्याची बंदूक त्या महिन्यांतहि त्याच्याच नांवावर दिसते.